नवा वायरलेस राऊटर: आधी काय, नंतर काय आणि कॅमेरेवाल्याला काय सांगायचं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दापोलीजवळ मुरुडला तुमचं चार खोल्यांचं घरगुती निवास आहे. फायबर कंपनीने बसवलेल्या डब्याचं वाय-फाय मागच्या खोल्यांपर्यंत पोचत नाही, आणि पाहुण्यांना घरचाच पासवर्ड द्यावा लागतो. म्हणून तुम्ही फायरवॉल (बाहेरून येणारं नको ते अडवणारा पहारा) असलेला वेगळा वायरलेस राऊटर आणलात. जोडून ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकला, तर कधी पानच उघडत नाही, कधी कंपनीच्या डब्याचंच पान समोर येतं. एकदा उघडलं तेव्हा सिक्युरिटीच्या पानावर दहा-बारा बटणं दिसली, ती सगळी चालू करायची का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय कॅमेरेवाला म्हणतोय की मोबाईलवर कॅमेरे बघायचे असतील तर नव्या राऊटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं आकडा दिलेलं दार, उघडून द्या.

लहान हॉटेलं, दवाखाने, क्लासेस यांची नेटवर्क लावून देणं हाच माझा धंदा, त्यामुळे हा प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडांनी सतत ऐकू येतो. उत्तर लांबणार आहे, कारण खरी अडचण त्या बटणांमध्ये नाही. घरगुती राऊटरची फायरवॉल पहिल्या दिवसापासून चालूच असते. आतल्या फोनने बाहेर काही मागितलं की राऊटर त्याची नोंद करतो: कुठल्या उपकरणाने, कुठल्या पोर्टवरून, कोणाकडे मागितलं. बाहेरून उत्तर आलं की ते नोंदीशी जुळतं का बघतो. जुळलं तर आत, नाही जुळलं तर तिथेच टाकून देतो. मेनूमध्ये एसपीआय फायरवॉल असं लिहिलेलं असतं ते हेच. ते बंद करायचं नाही, एवढंच तुमचं काम.

या बंदोबस्ताला भोकं पडतात ती नंतर, आणि बहुतेक वेळा आपल्याच माणसांच्या हातून. कोणी कॅमेऱ्यासाठी पोर्ट उघडतं, कोणी राऊटरचा पासवर्ड छापील तोच ठेवतं, कोणी पाहुण्यांना आणि बिलिंगच्या कंप्युटरला एकाच वाय-फायवर बसवतं. त्यामुळे काय चालू करू, यापेक्षा काय उघडं राहिलंय, हा प्रश्न धरून पुढे जाऊ.

काही गोष्टी तुमच्या जागेवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. कंपनीचा डबा ब्रिज मोडमध्ये (म्हणजे इंटरनेट नुसतं पुढे पाठवेल असा) टाकून मिळतो की नाही, जोडणीला युजरनेम-पासवर्ड लागतो की नाही, डब्यावर लँडलाईन किंवा टीव्हीचा सेट टॉप बॉक्स चालतो का, यावर वायर कुठे लावायची ते ठरेल. मेनूतली नावंही प्रत्येक ब्रँडची थोडी वेगळी असतात. क्रम मात्र सगळीकडे एकच.

पहिली पायरी इंटरनेटची वायर न लावता करा. नव्या राऊटरचं वॅन पोर्ट, म्हणजे इंटरनेटची वायर लावायचं वेगळ्या रंगाचं भोक, रिकामं ठेवा. लॅनच्या, म्हणजे घरातल्या उपकरणांसाठीच्या, एका पोर्टमधून कंप्युटरला वायर जोडा, कंप्युटरचं वाय-फाय बंद करा. राऊटर उलटा करा, खाली स्टिकरवर पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१. तो ब्राउझरच्या अगदी वरच्या पट्टीत टाका, गूगलच्या शोधायच्या चौकटीत नको, आणि आकडे इंग्रजी कीबोर्डवरूनच. मोबाईलवरून करणार असाल तर मोबाईल डेटा बंद करा. या वाय-फायवर इंटरनेट नाही असं दिसलं की फोन गुपचूप डेटावर उडी मारतो, आणि पान उघडत नाही म्हणून माणूस राऊटरला दोष देत बसतो. ब्राउझरने ‘ही जोडणी सुरक्षित नाही’ असं सांगितलं तर इथे घाबरू नका. राऊटरने प्रमाणपत्र स्वतःच बनवलेलं असतं, ब्राउझर त्याला ओळखत नाही. तुमच्या आणि राऊटरच्या मध्ये एक हातभर वायर आहे, तेव्हा पुढे जायला हरकत नाही. हीच सूचना बँकेच्या पानावर आली तर मात्र तिथून परत फिरायचं.

आता जुन्या डब्याचं पान का येत होतं ते बघा. दोन्ही डब्यांचा आतला पत्ता एकच असेल, समजा १९२.१६८.१.१, तर नवा राऊटर गोंधळतो. आतलं आणि बाहेरचं नेटवर्क एकाच आकड्यांचं झालं की माहितीचं पाकीट कुठल्या बाजूला सोडायचं हे त्याला कळत नाही. काही राऊटर हे ओळखून स्वतःचा पत्ता आपणहून बदलतात, काही नुसतेच अडून बसतात. आणखी एक शक्यता अशी की वायर वॅनऐवजी लॅनमध्ये गेली, तेव्हा नवा राऊटर फक्त जोडपेटी म्हणून काम करतो आणि जुन्याचंच पान दिसतं. उपाय सोपा आहे. लॅनच्या पानावर नव्या राऊटरचा पत्ता १९२.१६८.५०.१ असा करून टाका. सेव्ह दाबलं की पान लटकेल, गोल फिरत राहील. बिघडलं काही नाही. तुमच्या कंप्युटरकडे अजून जुन्या पट्ट्यातला पत्ता आहे. वायर काढून परत लावा आणि आता नव्या पत्त्यावर जा.

आत शिरल्यावर पहिलं काम ॲडमिन पासवर्ड, म्हणजे राऊटरचं हे पान उघडायचा पासवर्ड, बदलणं. हा वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो आणि वेगळाच ठेवायचा. वाय-फायचा पासवर्ड पाहुण्यांना द्यायचा असतो, हा घरातल्या दोन माणसांपलीकडे कोणाला नाही. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे, डीव्हीआर आणि राऊटर ताब्यात घेतले ते कुठल्या मोठ्या युक्तीने नव्हे. कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डच्या साठेक जोड्या त्यात लिहिलेल्या होत्या, तेवढ्या तो एकामागून एक लावून बघायचा. त्या ऑक्टोबरमध्ये अशाच उपकरणांच्या फौजेने अमेरिकेतल्या एका मोठ्या डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या) कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास धड उघडत नव्हत्या. पासवर्ड लांब ठेवा, वहीत लिहून कपाटात ठेवा. कागदावर लिहिण्यात धोका नाही, राऊटरच्या वरच चिकटवण्यात आहे.

दुसरं काम फर्मवेअर, म्हणजे राऊटरच्या आतला प्रोग्राम, नवा करणं. स्टिकरवर मॉडेलच्या पुढे हार्डवेअर व्हर्जन लिहिलेलं असतं, व्ही २, व्ही ३ असं. उत्पादकाच्या साइटवरून नेमकी त्याच व्हर्जनची फाइल घ्या, दुसरी चढवली तर राऊटर कायमचा बसू शकतो. फाइल वायरवरूनच चढवा, वाय-फायवरून नको. आणि आपल्याकडची वीज लक्षात घेता राऊटर यूपीएसवर असल्याशिवाय हे करू नका, अर्ध्यात लाईट गेली तर तो परत उठेलच असं नाही. आपोआप अपडेटची सोय असेल तर पहाटेची वेळ देऊन ठेवा. टाइम झोनही आत्ताच भारताचा करा, पाच तास तीस मिनिटं पुढचा. ते का, ते पुढे येईलच.

आता इंटरनेटची वायर. इथे तीन रस्ते आहेत आणि माझं मत स्पष्ट आहे.

कंपनीचा डबा ब्रिज मोडमध्ये टाकून सगळा कारभार नव्या राऊटरकडे देणं हा सगळ्यात नीटनेटका मार्ग. मग वॅनच्या पानावर पीपीपीओई (नाव-पासवर्डने जोडणी करायची पद्धत) निवडून कंपनीने दिलेला युजरनेम-पासवर्ड टाकायचा, काही ठिकाणी व्हीलॅनचा, म्हणजे कंपनीने जोडणीसाठी ठरवलेल्या वेगळ्या वाटेचा, आकडाही लागतो. पण त्यासाठी कंपनीचा माणूस सहकार्य करायला हवा, आणि डब्यावर चालणारा लँडलाईन फोन बंद पडू शकतो. दुसरा रस्ता म्हणजे नव्या राऊटरला ॲक्सेस पॉइंट करणं. दुकानदार हाच सुचवतात, कारण दोन मिनिटांत होतं. पण ॲक्सेस पॉइंटमध्ये नवा राऊटर फक्त रेंज वाढवतो, त्याची फायरवॉल कामच करत नाही आणि पाहुण्यांचं वेगळं नेटवर्कही बऱ्याच मॉडेलांत नीट वेगळं राहत नाही. ज्यासाठी पैसे घातले तेच गेलं.

तुमच्यासाठी तिसरा रस्ता बरा. कंपनीचा डबा आहे तसा राहू दे, त्याच्या लॅनमधून वायर नव्या राऊटरच्या वॅनमध्ये आणा, तिथे ऑटोमॅटिक आयपी निवडा. पत्ते दोनदा बदलले जातात म्हणून जाणकार नाक मुरडतात, पण यूपीआय, व्हिडिओ कॉल, सिनेमे यांना त्याने काही फरक पडत नाही. अडतं ते फक्त बाहेरून आत येणारं, आणि ते तर आपल्याला नकोच आहे. मात्र दोन गोष्टी विसरू नका. कंपनीच्या डब्याचं वाय-फाय बंद करा, नाहीतर जुना पासवर्ड माहीत असलेला प्रत्येक जण नव्या फायरवॉलच्या बाहेरच्या अंगणात बसलेला असेल.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि ती जवळपास कोणीच करत नाही. नव्या राऊटरच्या नजरेत कंपनीचा डबा हा बाहेरच्या जगाचा भाग आहे. त्यामुळे पाहुण्यांचं नेटवर्क कितीही वेगळं केलंत तरी खोलीतल्या पाहुण्याने फोनवर त्या डब्याचा पत्ता टाकला तर लॉगिनचं पान उघडतं. जिओचा असेल तर तो पत्ता १९२.१६८.२९.१ असतो, बाकींचा स्टिकरवर बघा. तिथे छापील पासवर्ड तसाच असेल तर तुमचं अख्खं इंटरनेट त्या पाहुण्याच्या हातात गेलं. म्हणून ॲडमिन पासवर्ड दोन्ही डब्यांचे बदलायचे.

एवढं झालं की सिक्युरिटीचं पान उघडा. आता ती दहा-बारा बटणं.

एसपीआय चालू. रिमोट मॅनेजमेंट बंद, म्हणजे बाहेरच्या जगातून राऊटरचं पान उघडताच येणार नाही. यूपीएनपी बंद. ही सोय आतल्या कुठल्याही उपकरणाला न विचारता पोर्ट उघडू देते. घरात गेमिंग कन्सोल असेल तर तिचा उपयोग, तुमच्याकडे नाही. डीएमझेड बंद, ही एका उपकरणाची सगळी पोर्ट बाहेरच्यांना मोकळी करणारी सोय. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिन वापरून वाय-फाय जोडायची सोय, बंद, आणि याचं कारण ऐकण्यासारखं आहे. डब्ल्यूपीएसचा पिन आठ आकडी, म्हणजे वरवर दहा कोटी शक्यता. पण राऊटर पिनचे दोन तुकडे वेगवेगळे तपासतो. पहिले चार बरोबर की चूक ते आधीच सांगून टाकतो, आणि शेवटचा आकडा बाकीच्या सात आकड्यांवरून काढता येतो. उरल्या फक्त ११,००० शक्यता. हे डिसेंबर २०११ मध्ये उघड झालं. नव्या राऊटरमध्ये चुकीच्या पिननंतर थांबवायची सोय असते, तरी तुम्हाला डब्ल्यूपीएसची गरजच नाही तर ठेवायचं कशाला?

डीओएस प्रोटेक्शन (एकदम ढीगभर मागण्या पाठवून राऊटर बंद पाडणाऱ्या हल्ल्यापासून संरक्षण) नावाचा प्रकार लहान राऊटरमध्ये कारखान्यात ठेवलाय तसाच राहू द्या. मर्यादा फार कडक केली की पाहुण्यांचे चार-सहा फोन एकदम जोडले गेले तरी राऊटरला हल्ला वाटतो आणि नेट तुटतं. मॅक फिल्टरवर, म्हणजे मॅक पत्ता या उपकरणाच्या ओळखक्रमांकावरून कोणाला आत घ्यायचं ते ठरवण्यावर, वेळ घालवू नका, अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वाय-फायला वेगळाच मॅक पत्ता दाखवतात. वाय-फायचं नाव लपवण्यानेही काही साधत नाही, साध्या ॲपमध्ये ते दिसतंच.

एक बटण बहुतेक जण बघतच नाहीत: आयपीव्ही६ची फायरवॉल. इंटरनेटवरच्या पत्त्यांची जुनी पद्धत आयपीव्ही४, नवी आयपीव्ही६. आयपीव्ही४मध्ये घरातल्या सगळ्या उपकरणांचा बाहेर मिळून एकच पत्ता असतो, म्हणून आतलं उपकरण बाहेरून सहज दिसत नाही आणि त्यालाच लोक सुरक्षा समजतात. आयपीव्ही६मध्ये कॅमेऱ्यालासुद्धा स्वतःचा, जगभरातून पोचता येईल असा पत्ता मिळतो. तिथे मध्ये उभी असते ती फक्त फायरवॉल. तिची खूण दोन्ही डब्यांत तपासा, आणि सापडलीच नाही तर नव्या राऊटरमध्ये आयपीव्ही६ बंद ठेवा. तुमचं काम अडणार नाही.

आता कॅमेरेवाला. एका समुद्रकाठच्या लॉजवर नेट सारखं मंद होतंय म्हणून मला बोलावलं होतं. राऊटरचं पोर्ट फॉरवर्डिंगचं पान उघडलं. तक्त्यात चार ओळी: ८०, ५५४, ८००० आणि ३७७७७, चारही एकाच रेकॉर्डरच्या (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डब्याच्या) पत्त्यावर. ८००० हे एका कंपनीच्या रेकॉर्डरचं ठरलेलं पोर्ट, ३७७७७ दुसऱ्याच कंपनीचं. लॉजमध्ये रेकॉर्डर एकच. बसवणाऱ्याने परत खेप पडू नये म्हणून दोन्ही ब्रँडची पोर्ट उघडून ठेवली होती, आणि वर डीएमझेडमध्येही तोच पत्ता टाकला होता, म्हणजे उरलेली सगळी पोर्टही मोकळी. रेकॉर्डरचा पासवर्ड होता १२३४५६. सिस्टिम लॉग उघडला तर देशोदेशीचे पत्ते त्या रेकॉर्डरचं दार ठोठावत होते, मिनिटामिनिटाला नवी ओळ. तक्ता रिकामा केला, डीएमझेड बंद केलं, रेकॉर्डर रीसेट करून नव्याने लावला. नेट सुधारलं आणि मालकांच्या मोबाईलवर कॅमेरे दिसायचेही थांबले नाहीत.

थांबले नाहीत, कारण हल्लीचे रेकॉर्डर स्वतःच आतून बाहेर त्यांच्या कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी करतात आणि मोबाईलचं ॲप तिथून त्यांना गाठतं. सुरुवात आतून झाली, त्यामुळे फायरवॉलला त्यात खटकण्यासारखं काही नाही, पोर्ट उघडावं लागत नाही. कॅमेरेवाल्याला शांतपणे सांगा: ‘दादा, पोर्ट उघडायचं नाही, क्यूआर कोड स्कॅन करून ॲपवर लावून द्या.’ त्या खात्याचा पासवर्ड त्याच्या मोबाईलवर नको, तुमच्या मोबाईलवर तुमच्याच हाताने तयार करा. त्याने फारच आग्रह धरला तर कंपनीच्या डब्याच्या स्टेटस पानावर वॅनचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान असेल किंवा पहिल्या टिंबाआधी नुसते १० असतील, तर कंपनीने अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिलेला आहे. अशा जोडणीवर तुम्ही पोर्ट उघडलंत तरी आयपीव्ही४वरून बाहेरचं कोणी आत पोचत नाही, तेव्हा वादच संपला.

वायरलेसचं पान त्यामानाने सोपं. वाय-फायच्या कुलुपाचा प्रकार डब्ल्यूपीए २ आणि ३ मिश्र निवडा, जुना प्रिंटर जोडला गेला नाही तर नुसतं डब्ल्यूपीए २ एईएस. टीकेआयपी किंवा डब्ल्यूईपी हे जुने प्रकार कधीच नको, डब्ल्यूईपी २००१ पासून मोडीत निघालंय. रेंजचं म्हणाल तर तुमचा खरा शत्रू जांभा आहे. चिऱ्याच्या जाड भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ फारसं पलीकडे जात नाही, २.४ त्यातल्या त्यात जातं. २.४ ला चॅनेल १, ६ किंवा ११ यांतलं एक आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. राऊटर कपाटात किंवा टीव्हीमागे न ठेवता पडवीकडच्या बाजूला उंचावर लावा. तरीही शेवटची खोली सुटली तर रिपीटर घेऊ नका, लॅनची वायर ओढून तिथे दुसरा ॲक्सेस पॉइंट बसवा, पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क पुढे नेऊ शकेल असाच बघून. वळवाच्या दिवसांत गडगडाट सुरू झाला की अंगणातल्या कॅमेऱ्याकडून आलेली तांब्याची वायर आणि अडॅप्टर काढून ठेवा. फायबरमधून वीज येत नाही, पण या दोन वाटांनी येते आणि राऊटर जाळते.

पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क चालू करा. त्यात दोन खुणा असतात: पाहुण्यांना एकमेकांची उपकरणं दिसू द्यायची का, आणि आतलं नेटवर्क दिसू द्यायचं का. दोन्ही नाही. वेगाची मर्यादा घाला, म्हणजे एका खोलीत सिनेमा लागला म्हणून तुमचं बिलिंग अडणार नाही. आणि पासवर्ड न ठेवता मोकळं वाय-फाय कधीही सोडू नका. २६ जुलै २००८ च्या अहमदाबाद बॉम्बस्फोटांआधी काही मिनिटं जो ईमेल गेला, तो नवी मुंबईत सानपाड्यातल्या एका परदेशी रहिवाशाच्या असुरक्षित वाय-फायवरून गेला होता. तपास थेट त्याच्या दारात येऊन पोचला, लिहिणारे मात्र दुसरेच होते. तुमच्या जोडणीवरून कोणी काही केलं तर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जाईल. पाहुण्यांची नोंदवही तुम्ही ठेवताच, तिच्या जोडीला राऊटरच्या लॉगमधली वेळ बरोबर असली तर उत्तर देता येतं. टाइम झोन आधी लावायला सांगितला तो यासाठी. गेस्टचा पासवर्ड महिन्या-दोन महिन्यांनी बदलत राहा.

सगळं लावून झालं की तपासून बघा. फोन गेस्ट वाय-फायवर घ्या आणि १९२.१६८.५०.१ टाका, पान उघडता कामा नये. रेकॉर्डरचा पत्ता टाका, तोही उघडता कामा नये. कंपनीच्या डब्याचा पत्ता टाका, तो उघडेल, पण जुना पासवर्ड चालता कामा नये. मग वाय-फाय बंद करून मोबाईल डेटावर कॅमेऱ्याचं ॲप उघडा, चित्र यायला हवं. या चार गोष्टी जमल्या की बॅकअपच्या पानावरून सेटिंगची फाइल कंप्युटरवर उतरवून ठेवा. राऊटरमागच्या बारीक भोकात कोणी टाचणी घालून दहाएक सेकंद दाबली की सगळं कारखान्यातल्यासारखं होतं, म्हणून डबा पाहुण्यांच्या हाताला लागेल असाही नको.

कुठे अडलात तर तीन गोष्टी कळवा: दोन्ही डब्यांचे मॉडेल आणि व्हर्जन, नव्या राऊटरच्या स्टेटस पानावरचा वॅनचा पत्ता कुठल्या दोन आकड्यांनी सुरू होतो, आणि कुठली वायर कुठल्या पोर्टमध्ये आहे त्याचा फोटो. फोटो काढताना खालचं स्टिकर त्यात येऊ देऊ नका, त्यावर वाय-फायचा छापील पासवर्ड असतो.